मुदतीआधी पद सोडताना: राजीनामा कुणाकडे, कसा आणि कोणत्या क्रमाने द्यायचा

सरपंचांनी राजीनामा लिहिला आणि तालुक्याच्या आमदारांच्या हातात दिला. आमदारांनी तो फाईलमध्ये ठेवून दिला. गावात नव्या सरपंचाचं नाव ठरलं, गुलाल उधळला गेला, आणि दोन महिन्यांनी कळलं की कागदोपत्री जुनेच सरपंच पदावर आहेत. कुठल्याही तालुक्यात चौकशी करा, असं एखादं गाव निघतंच. याची उलटी बाजू जास्त वाईट आहे. निवडणुकीच्या धामधुमीत विश्वासाने सही करून दिलेला, तारखेची जागा कोरी सोडलेला कागद दोन वर्षांनी पंचायत समितीत जमा होतो, आणि ज्याचं पद जाणार आहे त्याला ते सभेच्या नोटिशीतून समजतं.

हा लेख मुख्यतः महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींचे सरपंच, उपसरपंच आणि सदस्य यांच्यासाठी आहे. आमदार, खासदार आणि मंत्र्यांसाठी शेवटी वेगळा टप्पा दिला आहे. नगरपालिका, महानगरपालिका आणि जिल्हा परिषदेचे कायदे निराळे आहेत. तिथे राजीनामा कुणाच्या नावे द्यायचा आणि तो कधी लागू होतो, दोन्ही गोष्टी बदलतात. खालचा क्रम तिथे जसाच्या तसा लावू नका.

सगळ्या टप्प्यांत एक गोष्ट धरून चाला: नुसत्या सहीने राजीनामा होत नाही. तो योग्य पदाधिकाऱ्याच्या नावे पोचावा लागतो, सभेपुढे यावा लागतो आणि कायद्याने दिलेली मुदत उलटावी लागते. तोवर सगळी जबाबदारी तुमच्यावर असते. मुदत उलटल्यावर मात्र परत फिरायला वाट उरत नाही.

## टप्पा १: नेमकं कोणतं पद सोडायचं ते ठरवा

बहुतेक घोळ इथेच सुरू होतात. "मी राजीनामा देतो" एवढं म्हणून भागत नाही, कारण एकाच माणसाकडे दोन पदं असू शकतात.

उपसरपंच हा आधी वॉर्डातून निवडून आलेला सदस्य असतो. त्याने उपसरपंचपद सोडलं तरी सदस्यत्व राहतं. सदस्यत्व सोडलं तर मात्र उपसरपंचपदही जातं. म्हणून पत्रात "उपसरपंच पदाचा" की "सदस्य पदाचा" हे स्पष्ट लिहा. "माझ्या पदाचा राजीनामा" असं मोघम लिहिलेल्या पत्रावरून पुढे कज्जे होतात आणि त्यात तुमचा हेतू काय होता हे तिसराच कुणीतरी ठरवतो.

सरपंचाच्या बाबतीत तुमची निवड कोणत्या पद्धतीने झाली ते आधी बघा. २०१७ मध्ये थेट जनतेतून सरपंच निवडण्याची पद्धत आली, २०२० मध्ये ती बदलून सदस्यांमधून निवड सुरू झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा थेट निवडणूक आली. सदस्यांमधून निवडलेल्या सरपंचाने सरपंचपद सोडलं तर तो आपल्या वॉर्डाचा सदस्य म्हणून राहतो. थेट निवडून आलेल्या सरपंचाला मागे वॉर्डाची जागा नसते. त्याने पद सोडलं की तो ग्रामपंचायतीतून बाहेर पडतो आणि ती जागा भरायला पुन्हा मतदारांकडेच जावं लागतं.

आरक्षणाचाही विचार याच टप्प्यात करा. पद ज्या प्रवर्गासाठी राखीव आहे, उरलेल्या मुदतीसाठी ते त्याच प्रवर्गातून भरलं जातं. "मी सोडतो, म्हणजे अमक्याला मिळेल" असा हिशेब मांडणाऱ्यांनी तो अमका त्या प्रवर्गात बसतो का, हे आधी तपासावं.

तपासा: निवडून आल्याचं प्रमाणपत्र आणि सरपंच किंवा उपसरपंच निवडीच्या सभेचं इतिवृत्त समोर ठेवा. पदाचं नाव तिथे जसं लिहिलंय, तसंच पत्रात यायला हवं.

## टप्पा २: हा निर्णय तुमचा आहे ना, याची खात्री करा

हा टप्पा भावनेचा वाटेल, पण पुढची सगळी कायदेशीर प्रक्रिया याच एका प्रश्नावर उभी आहे.

गावोगाव "अडीच-अडीच वर्षं" किंवा "वर्षाला एक" असे करार होतात. पॅनेलचे नेते निवडीच्या वेळीच राजीनाम्यावर सही घेऊन ठेवतात. कायद्यात अशा तोंडी वाटणीला जागा नाही. पाच वर्षांसाठी निवडून आलेला माणूस पाच वर्षांसाठीच निवडून आलेला असतो. दिलेला शब्द पाळायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं आणि पाळायचा असेल तर त्यात कमीपणा नाही. पण तो वेळ आल्यावर, त्या दिवशीची तारीख घालून, स्वतः लिहिलेल्या नव्या पत्राने पाळावा. कोऱ्या तारखेच्या कागदावर सही करणं म्हणजे आपलं पद दुसऱ्याच्या कपाटात ठेवणं आहे.

असा कागद आधीच देऊन बसला असाल तर तो परत मागा. परत मिळत नसेल तर लेखी पत्र तयार करा: अमुक सुमारास माझ्याकडून तारीख नसलेल्या राजीनाम्यावर सही घेतली आहे, माझा राजीनामा देण्याचा इरादा नाही, तसा कागद आपल्याकडे आल्यास तो खरा मानू नये. हे पत्र पंचायत समितीचे सभापती, गटविकास अधिकारी आणि ग्रामसेवक या तिघांकडे देऊन पोच घ्या. पुढे वाद जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला तर या पोचेचं वजन फार मोठं असतं.

महिला सरपंचांच्या घरच्या मंडळींसाठी स्पष्टच लिहितो. पती, दीर किंवा मुलगा यांनी केलेली सही हा राजीनामा नाही, ती खोटी सही आहे आणि तो फौजदारी गुन्हा ठरू शकतो. "वहिनींची संमती आहे" हे ग्रामसेवकाने किंवा सभापतींच्या कार्यालयाने परस्पर मान्य करू नये. सरपंचबाईंना समोर बोलावून विचारायला पाच मिनिटं लागतात.

अविश्वास ठरावाच्या नुसत्या धमकीनेही अनेकजण घाईने राजीनामा देऊन टाकतात. आधी गणित बघा. थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं आणि मुदतीचे शेवटचे सहा महिने अविश्वास आणताच येत नाही. आणला, तरी सदस्यांचं तीन चतुर्थांश बहुमत लागतं आणि त्यानंतर ग्रामसभेची मान्यताही लागते. विरोधात गेलेल्या सदस्यांची संख्या तिथवर पोचत नसेल तर धमकी ही धमकीच राहते. नोटीस खरोखर तहसीलदारांकडे गेली असेल तर त्यांना सात दिवसांत विशेष सभा बोलवावी लागते. त्या सात दिवसांत काय करायचं ते शांतपणे ठरवा. रात्री अकराला बैठकीत बसवून सही घ्यायला आलेल्यांना "उद्या सकाळी बोलू" म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

सावधान: चौकशी सुरू झाली म्हणून राजीनामा देत असाल तर त्याने चौकशी थांबत नाही. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली, राजीनामा दिलेल्या माणसालाही त्याच्या काळातल्या गैरवर्तनाबद्दल पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं. पैशाच्या नुकसानीची वसुलीही पद सोडल्याने माफ होत नाही.

## टप्पा ३: पत्र लिहिण्याआधी दप्तर जुळवा

पत्र देऊन झाल्यावर दप्तर मागायला गेलात तर ग्रामपंचायतीतली माणसं तुमच्याशी निराळ्या सुरात बोलतात, हा सार्वत्रिक अनुभव आहे. म्हणून हे काम आधी करा, गाजावाजा न करता.

ग्रामसेवकांबरोबर (या पदाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) बसून या गोष्टी बघा:

- रोकड वही आणि बँकेचं पासबुक आजच्या तारखेपर्यंत जुळतंय का. ग्रामनिधी, पाणीपुरवठा, वित्त आयोग अशी प्रत्येक खाती वेगवेगळी तपासा.
- तुमच्या सहीचे पण अजून न वटलेले धनादेश किती आहेत, कुणाच्या नावे आहेत.
- सुरू असलेली कामं: कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी, दिलेली आणि राहिलेली बिलं.
- लेखापरीक्षणातले आक्षेप आणि त्यांची पूर्तता कुठवर आली आहे.
- मागच्या मासिक सभांची आणि ग्रामसभांची इतिवृत्तं लिहून, सह्या होऊन पूर्ण आहेत का. प्रोसिडिंग बुकात मध्येच कोरी पानं सोडलेली असतील तर ती तशीच ठेवून पद सोडू नका. पुढे तिथे काय लिहिलं जाईल याचा नेम नाही.

ज्या ठरावांवर आणि बिलांवर तुमची सही आहे त्यांच्या प्रमाणित प्रती रीतसर अर्ज करून, फी भरून घ्या. मूळ कागद घरी नेऊ नका. मूळ दप्तर घरी सापडलं तर बाकी सगळं बरोबर असूनही तुम्ही अडचणीत याल.

डिजिटल स्वाक्षरीकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. वित्त आयोगाचा निधी ई-ग्रामस्वराज प्रणालीतून खर्च होताना ग्रामसेवक आणि सरपंच अशा दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. पेन ड्राइव्हसारखं दिसणारं ते सहीचं साधन बऱ्याच गावांत संगणक परिचालकाच्या खणात पडलेलं असतं आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून त्यालाच चिकटवलेला असतो. राजीनाम्याचा विचार पक्का झाला की पहिल्या दिवशी ते आपल्या ताब्यात घ्या आणि पासवर्ड बदला. तुमच्या नावाने, तुमच्या माघारी होणाऱ्या प्रत्येक पेमेंटचा जाब तुम्हालाच विचारला जाईल.

तपासा: शेवटी झालेलं ऑनलाइन पेमेंट कोणत्या तारखेचं आणि किती रकमेचं होतं, ते स्वतः स्क्रीनवर बघून लिहून ठेवा.

## टप्पा ४: पत्र लिहा, जितकं छोटं तितकं चांगलं

राजीनामा कुणाच्या नावे लिहायचा हे ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम २९ आणि ३४ मध्ये दिलेलं आहे:

- सदस्याचा राजीनामा: सरपंचाच्या नावे.
- उपसरपंचाचा राजीनामा: सरपंचाच्या नावे.
- सरपंचाचा राजीनामा: पंचायत समितीच्या सभापतींच्या नावे.

या यादीत तहसीलदार, गटविकास अधिकारी, ग्रामसेवक, आमदार, पालकमंत्री, पक्षाचे जिल्हाध्यक्ष यांपैकी कुणी नाही. त्यांना हवी तर प्रत द्या, पण "प्रति" खाली त्यांचं नाव नको. पंचायत समितीची मुदत संपून तिथे प्रशासक बसलेला असेल (२०२२ पासून कितीतरी ठिकाणी गटविकास अधिकारीच प्रशासक झाले), तर सभापतींचं काम प्रशासक बघतो. अशा वेळी मायन्यात "मा. प्रशासक, पंचायत समिती" असा उल्लेख करा आणि नेमणुकीचा आदेश कार्यालयात बघून पदनाम अचूक उतरवा.

पत्र एवढंच असावं:

> प्रति,
> मा. सभापती,
> पंचायत समिती, (तालुका), जि. (जिल्हा)
>
> विषय: सरपंच पदाचा राजीनामा
>
> महोदय,
> मी, (पूर्ण नाव), ग्रामपंचायत (गावाचं नाव), ता. (तालुका), जि. (जिल्हा) येथील सरपंच, माझ्या सरपंच पदाचा राजीनामा या पत्राद्वारे स्वेच्छेने देत आहे.
>
> (सही)
> (पूर्ण नाव, पत्ता)
> दिनांक व ठिकाण

राजीनाम्याच्या सूचनेची पद्धत नियमांनी ठरवून दिलेली आहे. त्यामुळे पंचायत समितीच्या विस्तार अधिकाऱ्यांकडून (ग्रामपंचायत) चालू नमुना आणि साक्षीदारांबाबतची अट विचारून घ्या आणि मजकूर त्या नमुन्यात बसवा. साक्षीदार म्हणून अशी दोन माणसं घ्या जी उद्या विचारल्यावर "आमच्यासमोर सही केली" असं ठामपणे सांगतील. पॅनेलचे नेते साक्षीदार नकोत.

कारण लिहावं का? माझं मत आहे की लिहू नये. "वैयक्तिक कारणास्तव" हे दोन शब्दही लागत नाहीत. "सदस्यांच्या त्रासाला कंटाळून" असं लिहिलंत की राजीनामा दबावाखाली दिला, असा अर्थ काढायला जागा होते. गावाला कारण सांगायचं असेल तर ग्रामसभेत सांगा, वेगळं निवेदन काढा.

अट तर अजिबात घालू नका. "पाण्याचा प्रश्न आठ दिवसांत न सुटल्यास हा राजीनामा समजावा" हे आंदोलनाचं निवेदन झालं, राजीनामा नव्हे. निषेध म्हणून सगळ्या सदस्यांनी एकाच कागदावर सह्या करून तहसीलमध्ये दिलेले सामूहिक राजीनामेही याच जातीचे. खरोखर पद सोडायचं असेल तर प्रत्येकाचं पत्र वेगळं, प्रत्येकाची सही वेगळी, आणि ते सरपंचाच्या नावे. असे राजीनामे खरे ठरून निम्म्याहून जास्त जागा रिकाम्या झाल्या तर ग्रामपंचायत बरखास्त होऊन प्रशासक येऊ शकतो, हे सह्या करण्यापूर्वी गावाला सांगा.

सावधान: व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो, सभेत केलेली घोषणा, पत्रकारांसमोर फडकावलेला कागद यांपैकी काहीही राजीनामा नाही. कायद्याला स्वतःच्या सहीचा लेखी राजीनामा लागतो.

## टप्पा ५: पत्र स्वतः द्या आणि पोच घ्या

शक्यतो स्वतः जा. सभापतींच्या कार्यालयात पत्र द्या, आवक नोंदवहीत नोंद करून घ्या आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का व घेणाऱ्याची सही घ्या. नुसता शिक्का पुरेसा नाही. आवक क्रमांक नसलेली पोच पुढे "असं पत्र आलंच नव्हतं" म्हणून उडवली जाते.

सभापती तालुक्याबाहेर असतील तर त्यांच्या घरी, शेतावर किंवा लग्नमंडपात पत्र देऊ नका. हातात दिलेल्या पत्राला आवक क्रमांक मिळत नाही आणि तारखेवरून पुढे वाद होतो.

सदस्याचा राजीनामा सरपंचाकडे जातो आणि नेमकं त्याच्याशीच वाकडं असेल तर तो पत्र घ्यायलाच नकार देतो. अशा वेळी ते ग्रामपंचायत कार्यालयाच्या पत्त्यावर, सरपंचाच्या नावे, पोस्टाने पोचपावतीसह पाठवा आणि पाकिटात काय आहे त्याची प्रत ग्रामसेवकांना देऊन त्यांची पोच घ्या.

मन बदललं तर? तो विचार पत्र सभेपुढे जाण्याआधीच करा आणि पत्र मागे घेत असल्याचं ताबडतोब, लेखी, त्याच कार्यालयात द्या, पोच घ्या आणि त्याच दिवशी वकिलांना भेटा. पुढच्या टप्प्यातले सात दिवस पुनर्विचारासाठी दिलेले नाहीत, हा गैरसमज फार जणांना भोवला आहे.

## टप्पा ६: सभा आणि त्यानंतरचे सात दिवस

सभापतींनी (किंवा सदस्याच्या बाबतीत सरपंचाने) राजीनामा ग्रामपंचायतीच्या सचिवाकडे, म्हणजे ग्रामसेवकाकडे पाठवायचा असतो. ग्रामसेवकाने तो लगेच पुढच्या सभेसमोर ठेवायचा. सगळ्यात जास्त पत्रं इथेच अडकून पडतात. सभापतींच्या कार्यालयातून पत्र निघालं का, जावक क्रमांक काय, ग्रामपंचायतीत ते कधी आलं, हे आठवड्याभरात विचारून घ्या. सभेच्या विषयपत्रिकेवर "राजीनामा सभेपुढे ठेवणे" हा विषय आहे का ते नोटिशीत बघा.

सभेत काय होतं याबद्दलही घट्ट गैरसमज आहेत. राजीनामा सभेपुढे फक्त ठेवायचा असतो. तो मंजूर किंवा नामंजूर करण्याचा अधिकार सभेला नाही. "सर्वानुमते राजीनामा फेटाळण्यात आला" असा ठराव टाळ्यांच्या गजरात झाला तरी राजीनाम्यावर त्याचा परिणाम होत नाही. उलट "राजीनामा आजपासून मंजूर, उपसरपंचांनी पदभार घ्यावा" हा ठरावही तितकाच चुकीचा आहे.

वाद नसेल तर राजीनामा सभेपुढे ठेवल्याच्या तारखेपासून सात दिवस संपल्यावर लागू होतो. सभा २० तारखेला झाली तर २७ तारीख संपेपर्यंत तुम्ही सरपंच आहात. त्या काळात सही करावी लागली तर ती वैध आहे आणि तिची जबाबदारीही तुमच्यावर आहे. पिण्याचं पाणी, दिवाबत्ती, दाखले अशी रोजची कामं थांबवू नका. नव्या कामाचा आदेश, मोठं बिल, जागेचा ठराव यांना मात्र हात लावू नका. पद सोडता सोडता केलेल्या सह्यांवर लेखापरीक्षकांची नजर आधी जाते.

तपासा: राजीनामा सभेपुढे ठेवल्याची नोंद इतिवृत्तात तारखेसह आली आहे का? सात दिवसांचं सगळं मोजमाप या एका ओळीवर चालतं. त्या इतिवृत्ताची प्रमाणित प्रत घ्या.

### राजीनामा तुमचा नसेल तर

सही खोटी आहे, जबरदस्तीने घेतली आहे, किंवा जुनाच कोरा कागद वापरला आहे, असं असेल तर राजीनामा सभेपुढे ठेवल्यापासून सात दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे वाद दाखल करावा लागतो. त्यांनी शक्यतो पंधरा दिवसांत निर्णय द्यायचा. निर्णय विरोधात गेला तर तो मिळाल्यापासून सात दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं. अपील केलं नाही तर जिल्हाधिकाऱ्यांनी वाद फेटाळल्यावर सात दिवसांनी राजीनामा लागू होतो, आणि अपील फेटाळलं गेलं तर त्याच क्षणी.

आठव्या दिवशी गेलात तर दार बंद. म्हणून सभेची नोटीस हातात पडली आणि त्यात न दिलेल्या राजीनाम्याचा विषय दिसला, की त्याच दिवशी अर्ज लिहायला घ्या. सभेलाही हजर राहा आणि "हा राजीनामा माझा नाही" हे इतिवृत्तात नोंदवायला लावा. सभेत भांडून, घोषणा देऊन परत आलात आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला नाही, तर त्या भांडणाचा कायद्याने उपयोग नाही. सोबत जोडा: टप्पा २ मध्ये सांगितलेल्या इशाऱ्याच्या पत्राची पोच, सहीच्या तुलनेसाठी तुमच्या सहीचे त्या काळातले कागद, आणि पत्रावरच्या तारखेला तुम्ही कुठे होता याचा पुरावा असल्यास तो.

## टप्पा ७: पदभार सोपवा, यादी करून

राजीनामा लागू झाला की नवीन निवड होईपर्यंत सरपंचाचं काम उपसरपंच बघतो. त्याच्याकडे पदभार देताना यादी दोन प्रतींत करा. त्यात शिक्के, किल्ल्या, डिजिटल स्वाक्षरीचं साधन, धनादेश पुस्तकांतले शिल्लक धनादेश (क्रमांकासह), प्रत्येक खात्यातली त्या दिवशीची शिल्लक आणि हातातली रोख लिहा. देणारा, घेणारा आणि ग्रामसेवक अशा तिघांच्या सह्या घ्या.

त्याच दिवशी बँकेला पत्र द्या: अमुक तारखेपासून मी सरपंच नाही, माझ्या सहीने व्यवहार करू नयेत. ग्रामपंचायतीनेही असं पत्र द्यायचं असतं, पण त्यावर विसंबून राहू नका. डिजिटल सही प्रणालीतून काढून टाकण्याचा अर्ज पंचायत समितीत द्या आणि ती खरंच निघाली का, हे आठ दिवसांनी विचारा.

## टप्पा ८: आमदार, खासदार आणि मंत्र्यांचा राजीनामा

इथे नियम थोडे आणि परिणाम मोठे.

मायना. आमदाराचा राजीनामा विधानसभा अध्यक्षांच्या नावे, विधान परिषद सदस्याचा सभापतींच्या नावे, लोकसभेच्या खासदाराचा लोकसभा अध्यक्षांच्या नावे. मुख्यमंत्र्यांकडे किंवा पक्षप्रमुखाकडे दिलेलं पत्र म्हणजे नाराजीचं पत्र, त्याने जागा रिकामी होत नाही. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात ऑक्टोबर २०२३ मध्ये राजीनाम्यांची लाट आली तेव्हा काही पत्रं अशीच चुकीच्या दारात गेली. मंत्र्याने मंत्रिपद सोडलं तरी आमदारकी राहते, तिचं पत्र वेगळं.

स्वीकार. ग्रामपंचायतीपेक्षा इथला मोठा फरक हा की राजीनामा स्वीकारावा लागतो. १९७४ च्या तेहतिसाव्या घटनादुरुस्तीने अध्यक्षांना, राजीनामा स्वेच्छेचा आणि खरा आहे का, याची खात्री करण्याचा अधिकार दिला. गुजरातच्या नवनिर्माण आंदोलनात आमदारांकडून दडपणाखाली राजीनामे घेतले गेले, त्याची ही पार्श्वभूमी. म्हणून पत्र प्रत्यक्ष भेटून द्या आणि ते स्वेच्छेचं असल्याचं समोर सांगा. लोकसभेच्या नियमांत राजीनाम्याचा नमुना कारणाशिवायच आहे आणि स्वीकारापूर्वी पत्र मागे घेण्याची मुभाही आहे.

क्रम. पक्ष बदलायचा असेल तर आधी जागेचा राजीनामा, तो स्वीकारला गेल्याची खात्री, मगच नव्या पक्षात प्रवेश. अशोक चव्हाण यांनी १२ फेब्रुवारी २०२४ रोजी भोकरच्या आमदारकीचा राजीनामा विधानसभा अध्यक्षांकडे दिला आणि दुसऱ्या दिवशी पक्षप्रवेश केला. हा क्रम उलटला तर राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाखाली, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याखाली, अपात्रतेची कारवाई मागे लागते. कर्नाटकातल्या सतरा आमदारांच्या प्रकरणात १३ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की राजीनामा दिल्याने आधी ओढवलेली अपात्रता पुसली जात नाही. मात्र अशा आमदाराला उरलेल्या मुदतीपर्यंत निवडणूक लढवण्यापासून रोखता येत नाही, हेही त्याच निकालात आहे.

पोटनिवडणुकीचा हिशेब. जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक व्हायला हवी, पण सभागृहाची मुदत एक वर्षाहून कमी उरली असेल तर हे बंधन नाही. भोकरची जागा म्हणूनच नोव्हेंबर २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत रिकामी राहिली. मतदारसंघ किती महिने बिनआमदाराचा राहील, हे पत्र लिहिण्याआधी मोजा. आणि परत निवडून येण्याची हमी गृहीत धरू नका. उदयनराजे भोसले यांनी सप्टेंबर २०१९ मध्ये साताऱ्याची खासदारकी सोडली आणि पुढच्याच महिन्यात पोटनिवडणुकीत त्यांचा पराभव झाला.

न्यायालयात वाद चालू असताना. या टप्प्यातला सगळ्यात महागडा धडा २९ जून २०२२ चा आहे. उद्धव ठाकरे यांनी बहुमत चाचणीला सामोरं न जाता मुख्यमंत्रिपद सोडलं. ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बहुमत चाचणी बोलावण्याचा राज्यपालांचा निर्णय चुकीचा ठरवला. तरीही ठाकरे यांनी स्वतःहून राजीनामा दिलेला असल्याने त्यांना पुन्हा पदावर बसवता येणार नाही, असं सांगितलं. तुमच्या पदाबद्दल कुठलाही अर्ज, याचिका किंवा अपील प्रलंबित असेल तर वकिलांना एकच प्रश्न विचारा: मी आज राजीनामा दिला तर जिंकल्यावर मला काय परत मिळेल? उत्तर लेखी घ्या, आणि ते हातात येईपर्यंत सही करू नका. हे सरपंचांनाही लागू आहे.

## टप्पा ९: फाईल जपून ठेवा

राजीनाम्याची पोच, सभेच्या इतिवृत्ताची प्रत, पदभाराची यादी, बँकेच्या पत्राची पोच आणि तुमच्या काळातल्या ठरावांच्या प्रती एका फाईलमध्ये घालून घरी ठेवा. तुमच्या शेवटच्या वर्षाचं लेखापरीक्षण तुम्ही पद सोडल्यावर होईल आणि आक्षेपांची नोटीस तुमच्या नावे येईल. तेव्हा नव्या कारभाऱ्यांकडे कागद मागत बसण्यापेक्षा ही फाईल उघडा, नोटिशीतल्या मुदतीत लेखी उत्तर द्या आणि त्याचीही पोच फाईलला लावा.